रिचार्ज कुणाचा, हिशोब कुणाचा?

आमच्या वस्तीतली बाई कोथिंबिरीच्या जुडीमागे दोन रुपये कमी करून घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही. बकरी ईदला जनावर घ्यायचे तर घरातले चार पुरुष बाजारात जातात, दात पाहतात, वजनाचा अंदाज घेतात, तीन ठिकाणी भाव विचारतात. रमजानमध्ये जकात काढताना अडीच टक्क्यांचा हिशोब पैशापर्यंत होतो. हीच माणसे रिचार्जच्या दुकानात उभी राहिली की मात्र ‘‘भाई, हमेशा का मार दो’’ एवढे एकच वाक्य बोलतात आणि नोट पुढे करतात. किती दिवसांचा, किती जीबीचा, कुणाच्या फोनसाठी आणि त्या माणसाला खरोखर किती हवा, यातला एकही प्रश्न विचारला जात नाही.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारी माणसे. रिचार्जच्या भानगडीत आम्ही का पडावे, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या वर्गात आहे. पीडीएफवरून काढायच्या टिपणाचा किंवा एखादा धडा पाहून येण्याचा गृहपाठ दिला की दुसऱ्या दिवशी मुलांच्या वह्या भरलेल्या असतात आणि काही मुलींच्या कोऱ्या. कारण विचारले तर खाली मान घालून उत्तर येते, ‘‘भाई घर आए तो नेट मिलता.’’ भाऊ रात्री दहाला येतो, अकराला हॉटस्पॉट चालू करतो, बाराला कंटाळून बंद करतो. त्या एका तासात बहिणीने शिकायचे. घरात नेट नाही असे नाही. नेट आहे, त्याचे पैसेही भरलेले आहेत. फक्त ते कुणाच्या सिमवर घालायचे हे ठरवताना तिला कुणी विचारलेले नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. मोबाइलचा प्लॅन निवडणे ही आता घरातल्या न्यायाची बाब झाली आहे. ज्या घरात हा हिशोब एकट्याच्या हाती आहे, त्या घरात पैसा कंपनीकडे जास्त जातो आणि शिक्षण मुलीपर्यंत कमी पोचते. या दोन्ही गोष्टी एकाच आळसातून होतात.

इथवर आपण कसे आलो, हे आधी पाहू. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय मंत्री सुखराम यांना फोन केला, तो देशातला पहिला मोबाइल कॉल. तेव्हा एका मिनिटाला सोळा-सतरा रुपये पडत आणि आलेला फोन घेतला तरी पैसे कापले जात. २००३ साली इनकमिंग फुकट झाले आणि गरिबाने आपली युक्ती काढली, ती म्हणजे मिस कॉल. एक रिंग म्हणजे ‘पोचलो’, दोन रिंग म्हणजे ‘तू फोन कर’. २००६ च्या सुमारास ९९९ रुपयांत ‘लाइफटाइम’ इनकमिंगच्या जाहिराती झळकल्या. आयुष्यभराचा तो शब्द किती वर्षे टिकला, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे.

मग ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आले. आधी डिसेंबरपर्यंत आणि पुढे ३१ मार्च २०१७ पर्यंत सगळे फुकट. त्याआधी एक जीबीला दोन-अडीचशे रुपये मोजावे लागत आणि ते महिनाभर पुरवावे लागत. फुकटच्या त्या सात महिन्यांनी देशाची सवय बदलली. थेंबाथेंबाने नेट वापरणारा माणूस रोज दीड जीबी संपवू लागला. बाजारातल्या अनेक कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या किंवा एकमेकींत विलीन झाल्या. खासगी तीन उरल्या आणि सरकारी बीएसएनएल. गिऱ्हाईक सवयीत पक्के झाल्यावर दर चढू लागले. २०१८ च्या अखेरीस दोन मोठ्या कंपन्यांनी नंबर चालू ठेवायचा तर दर २८ दिवसांनी किमान ३५ रुपये भरा, अशी अट घातली. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर-डिसेंबर २०२१ आणि जुलै २०२४ अशा तीन मोठ्या दरवाढी झाल्या. शेवटच्या वाढीत जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. एका झटक्यात पंचवीस टक्के! दुधाचा दर लिटरमागे दोन रुपयांनी वाढला तर मोहल्ल्यात आठवडाभर चर्चा होते. इथे साठ रुपये वाढले आणि आम्ही दुकानदारालाच शिव्या घालून गप्प बसलो. त्या बिचाऱ्याच्या हाती तर थोडेसे कमिशन.

‘‘पण भारतात डेटा जगात सर्वांत स्वस्तांपैकी आहे’’, असे आमचे तरुण लगेच सांगतात. दर जीबीमागे पाहिले तर हे खोटे नाही. २९९ रुपयांत २८ दिवस रोज दीड जीबी म्हणजे ४२ जीबी, एका जीबीला सात रुपये बारा पैसे. पण हा भाव ४२ च्या ४२ जीबी वापरणाऱ्याचा आहे. ज्या घरातली अम्मी महिन्याकाठी दहा जीबीसुद्धा वापरत नाही, तिला तोच जीबी तीस रुपयांना पडतो. उरलेले बत्तीस जीबी कुठे गेले? रोज रात्री बारा वाजता ते थोडे थोडे वाया गेले. दिवसाचा कोटा दिवसाबरोबर मरतो, दुसऱ्या दिवशी जमा होत नाही. ताटात उरलेल्या भाताला आम्ही इसराफ म्हणतो आणि मुलांना रागावतो. पैसे देऊन घेतलेली वस्तू रोज मध्यरात्री फेकली जाते, त्याला मात्र आमच्याकडे नावच नाही.

दीड जीबी म्हणजे नेमके किती, हेही एकदा मोजावे. सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने व्हिडिओ चालला, तर तासाला ४५० एमबी खर्च होतात. मोबाइलच्या लहान पडद्यावर धडा समजायला एवढा वेग पुरतो. या हिशोबाने दीड जीबी म्हणजे रोज तीन तास वीस मिनिटे व्हिडिओ. दहावीच्या कोणत्या मुलाला रोज तीन तास वीस मिनिटे व्हिडिओ पाहून अभ्यास करावा लागतो? आम्हाला तर असा एकही विद्यार्थी भेटलेला नाही. बालभारतीचे उर्दू पुस्तक एकदा उतरवून ठेवले की वर्षभर नेटशिवाय वाचता येते. लेखी निरोपाला आणि छोट्या ऑडिओला नगण्य डेटा लागतो. म्हणजे रोजचा हा कोटा विद्यार्थ्याच्या गरजेतून आलेला नाही. तो संपवलाच पाहिजे अशी ओढ लावणारा आहे. ‘रात्री बाराला जाणारच आहे, तर आत्ताच पाहून घेऊ’ असे म्हणत मुलगा रील सरकवत बसतो. आईबाप त्याला व्यसनी म्हणतात. त्या व्यसनाचे रोजचे माप आपणच विकत घेऊन दिले आहे, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

आता २८ दिवसांचे कोडे. वर्षाचे महिने बारा, पण २८ दिवसांचे रिचार्ज तेरा. घरात २९९ चे चार फोन असतील, तर तेराव्या रिचार्जचे ११९६ रुपये जास्तीचे जातात. यावर आमच्याच वस्तीतला एक युक्तिवाद आम्ही ऐकला आहे आणि तो टाकाऊ नाही. यंत्रमागावरच्या कामगाराला मजुरी आठवड्याला मिळते, चार आठवडे म्हणजे बरोबर २८ दिवस, मग त्याला हाच हिशोब सोयीचा नाही का? सोयीचा असेलही. पण घरभाडे महिन्याचे, विजेचे बिल महिन्याचे, शिकवणीची फी महिन्याची, किराणा दुकानाची उधारीही महिन्याची. त्यात हे एकच देणे दर वेळी दोन-तीन दिवस अलीकडे सरकते आणि नेमके हात रिकामे असताना दारात उभे राहते. शिवाय कामगाराच्या सोयीसाठी ही मुदत आली असती, तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, मध्ये पडावे लागले नसते. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने आदेश काढला की प्रत्येक कंपनीने पूर्ण ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा किमान एकेक प्लॅन ठेवलाच पाहिजे. आदेश निघाला, प्लॅनही आले. आमच्यापैकी किती जणांनी दुकानात जाऊन तो मागितला?

त्याहून बोचरी गोष्ट अशी की, ज्याच्याकडे पैसे कमी, त्याला दिवस महाग पडतो. जुलै २०२४ च्या दरांनी जिओचा दीड जीबीवाला प्लॅन २८ दिवसांना २९९ आणि ८४ दिवसांना ७९९ रुपये होता. पहिल्यात दिवसाला दहा रुपये अडुसष्ट पैसे, दुसऱ्यात नऊ रुपये एक्कावन्न पैसे. वर्षाला एका फोनमागे सव्वाचारशे रुपयांचा फरक! हा फरक केवळ एवढ्याचसाठी, की एका माणसाजवळ आज आठशे रुपये आहेत आणि दुसऱ्याजवळ तीनशेच. शाम्पूच्या पुडीचा आणि बाटलीचा जो न्याय, तोच इथे. गरीब पुडी घेतो आणि वर्षभरात बाटलीपेक्षा जास्त मोजतो.

हे झाले कंपन्यांचे. पण सगळा दोष कंपन्यांवर टाकून आम्हाला सुटता येणार नाही. घरातली वाटणी कंपनी करत नाही, ती आम्हीच करतो.

आमच्या ओळखीच्या घरांत सर्रास दिसणारे चित्र असे. मोठा मुलगा म्हणतो, मला रोज दोन जीबीवालाच पाहिजे, त्यावर फाइव्ह-जी अमर्याद मिळते. तो प्लॅन ३४९ चा. अब्बांच्या हाती स्मार्टफोन आहे, पण दिवसभर ते मागाच्या खडखडाटात. त्यांचा वापर फोन येण्या-जाण्यापुरता. अम्मी मायकेवाल्यांशी बोलते, अधूनमधून एखादी पाककृती पाहते. दोघांच्या फोनवर ‘हमेशा का’ म्हणजे २९९ चाच रिचार्ज. आणि मुलगी? ती नववीत किंवा अकरावीत. भावाने नवा फोन घेतल्यावर जुना घरात पडून असतो, तो तिला मिळतो, पण रिचार्जशिवाय. ‘हिला कशाला वेगळा? भाईचा हॉटस्पॉट आहे ना!’

एकाच कंपनीच्या, जिओच्या, दरांनी याचा हिशोब मांडू. मुलाचे ३४९, अब्बांचे २९९, अम्मीचे २९९. एकूण ९४७ रुपये, दर २८ दिवसांना. आता वाटणी बदलू. अब्बांना फक्त बोलायचे आहे. तर नेट नसलेला, केवळ कॉल आणि एसएमएसचा ८४ दिवसांचा प्लॅन ४४८ रुपयांचा, म्हणजे २८ दिवसांना सुमारे १५० रुपये. अम्मीला थोडे नेट पुरते. तर पूर्ण मुदतीत मिळून दोन जीबी देणारा २८ दिवसांचा १८९ रुपयांचा. मुलाला दीड जीबीवाला २९९ चा. आणि तेवढाच, २९९ चा, मुलीला. बेरीज करा. ९३७ रुपये. चार माणसांना चार प्लॅन झाले आणि दहा रुपये वाचले. मुलीच्या शिक्षणाला पैसे नाहीत, हे वाक्य या घरात आता कोणत्या तोंडाने उच्चारायचे?

हे दर जुलै २०२४ आणि जानेवारी २०२५ चे आहेत. दर बदलत राहतात, प्लॅन बंद होतात, नवे येतात. दुकानातल्या आजच्या फलकावरून बेरीज पुन्हा करावी, रीत मात्र हीच.

इथे आम्हाला दोन बाजूंनी विरोध होणार, याची कल्पना आहे. एक बाजू आमच्या बुजुर्गांची. त्यांच्या मते मोबाइल हेच सगळ्या बिघाडाचे मूळ; मुलीच्या हाती तर तो नकोच. त्यांच्या काळजीचा आम्ही अनादर करत नाही. नेटवर घाण आहे, फसवणूक आहे, मुलींना त्रास देणारे आहेत. पण मग रात्रभर फोन घेऊन बसणाऱ्या मुलाचा रिचार्ज कुणी का रोखत नाही? बिघाड जर नेटमध्ये असेल, तर तो मुलालाही लागू व्हायला हवा. तो फक्त मुलीपुरता लागू होतो, तेव्हा प्रश्न नेटचा उरत नाही.

या संदर्भात केरळ उच्च न्यायालयाचा एक निकाल प्रत्येक मुस्लिम घरात माहीत असायला हवा. कोझिकोड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत मोबाइल जमा करावा असा नियम होता. फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने तो मानला नाही. अभ्यासासाठी नेट लागते, असे तिचे म्हणणे होते. तिला वसतिगृहातून काढले. ती न्यायालयात गेली आणि १९ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती पी. व्ही. आशा यांनी निकाल दिला, की इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. तिला परत वसतिगृहात घ्यावे. आमच्याच समाजातल्या एका मुलीने हा हक्क देशातल्या सगळ्या मुलींसाठी न्यायालयात शब्दबद्ध करून घेतला. न्यायालयाने दिलेला हक्क आमच्या घरात भावाच्या हॉटस्पॉटवर अडकून पडावा, याला काय म्हणावे?

दुसरी बाजू सुशिक्षितांची. ते म्हणतात, दहा-वीस रुपयांचे हे काय घेऊन बसलात? समाजापुढे रोजगाराचे, शिक्षणाचे, सुरक्षिततेचे मोठे प्रश्न आहेत. खरे आहे. पण मोठे प्रश्न घरात शिरताना लहान होऊनच शिरतात. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागले आणि ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा झाली, तेव्हा शिक्षण कुणाचे सुरू राहिले? ज्याच्या हातात फोन आणि फोनमध्ये रिचार्ज होता, त्याचे. ज्या घरात एकच फोन होता, तिथे तो आधी कमावत्याचा, मग मुलाचा आणि उरला तर मुलीचा. त्या काळात शाळेपासून तुटलेल्या सगळ्या मुली परत आल्या नाहीत. काहींचे निकाह झाले, काही घरकामाला लागल्या. शैक्षणिक मागासलेपणावर चर्चासत्रे भरवणाऱ्यांनी हा लहान प्रश्न लहान मानू नये.

अम्मीच्या नंबरचे तर वेगळेच. घरात ओढाताण झाली की पहिला रिचार्ज तिचाच चुकतो. ‘तुझ्या फोनवर येतंच कोण?’ येतो तो ओटीपी. तिचे बँक खाते त्या नंबरला जोडलेले, आधार त्यालाच जोडलेले. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये २०२४ पासून बायकांच्या खात्यात येऊ लागले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्यासाठी ई-केवायसी सक्तीची झाली. तिचा ओटीपी आधारशी जोडलेल्या नंबरवरच येतो. मुलांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जांनाही चालू नंबर लागतो. प्लॅन संपला की आधी जाणारा फोन बंद होतो आणि काही दिवसांनी येणाराही. नंबर फार दिवस वापराविना पडून राहिला, तर कंपनी तो काढून घेते आणि पुढे दुसऱ्याला देऊ शकते. बंद झालेला नंबर निदान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, असे ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले आहे. पण त्यानंतरचे काय? बायकोच्या हक्काच्या दीड हजारांची किल्ली दीडशे-दोनशे रुपयांसाठी हरवू देणारा नवरा हिशोबी म्हणायचा की बेहिशोबी?

ज्यांना नेट नको, त्यांच्यासाठी वेगळा प्लॅन असलाच पाहिजे, असा नियम ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये केला. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी असे प्लॅन बाजारात आणले. ते आणतानाही हात आखडता होता. नेट वजा झाले, पण दर त्या मानाने उतरले नाहीत. ट्रायने हे दर तपासू असे जाहीर करताच काही दिवसांत ते खाली आले. एअरटेलचा ८४ दिवसांचा ४९९ वरून ४६९ झाला, जिओचा ४५८ वरून ४४८. जिओचा वर्षाचा प्लॅन १९५८ वरून १७४८ रुपयांवर आला, तेव्हा २१० रुपये कमी झाले म्हणून लोक खूश झाले. पण मुदत पाहा! ३६५ दिवसांची ३३६ झाली होती. आधी दिवसाला पाच रुपये छत्तीस पैसे पडत होते, आता पाच रुपये वीस पैसे. जाहिरातीत दोनशे दहा रुपये, भागाकारात सोळा पैसे. आमच्या सातवीच्या मुलाला भागाकार येतो. त्याच्या घरात तो कुणी करत नाही.

म्हणून काय करावे, तेही सांगतो. टीका करून हात झटकणे आमच्या पेशाला शोभणार नाही.

पहिले, मोजा. प्रत्येक स्मार्टफोनच्या सेटिंगमध्ये महिन्याला किती डेटा गेला आणि कशावर गेला, याचा तक्ता असतो. चार आठवडे तो पाहा, मग प्लॅन ठरवा. व्हिडिओचा दर्जा खाली आणणे, आपोआप उतरणारे फोटो-व्हिडिओ बंद करणे, डेटा सेव्हर चालू करणे यांनी निम्मा खर्च कुठे जातो ते कळते. नेट नकोच असेल, तर ते १९२५ या क्रमांकावरून बंद करता येते. न मागता पैसे कापणारी गाणी-विनोदांची सेवा मागे लागली असेल, तर १५५२२३ वरून ती काढता येते.

दुसरे, प्लॅनची तुलना रुपयांवरून करू नका. दर भागिले दिवस, हा पहिला भागाकार. दर भागिले आपण खरोखर वापरलेले जीबी, हा दुसरा. कंपनी देते ते जीबी यात धरू नका. ‘अनलिमिटेड’ या शब्दावर विसंबू नका. रोजचा कोटा संपल्यावर मिळणारे ६४ केबीपीएसचे नेट अमर्याद असले, तरी त्यावर एक चित्रही धड उघडत नाही.

तिसरे, कंपनीशी निकाह लावल्यासारखे वागू नका. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११ पासून देशभर आहे. इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून, पुढे आपला नंबर लिहून तो निरोप १९०० वर पाठवला की संकेतांक मिळतो. २०२४ च्या दरवाढीनंतर अनेकांनी बीएसएनएलकडे नंबर वळवले. मात्र एकदा बदलल्यावर ९० दिवस पुन्हा बदलता येत नाही. म्हणून आपल्या घरात, आपल्या मजल्यावर कोणाची रेंज येते, हे शेजाऱ्याच्या फोनवर आधी पाहून घ्या.

चौथे, भिशी. आमच्या बायका भिशीच्या जोरावर शिलाई मशीन घेतात, मुलीचे दागिने करतात. बारा बायकांनी आठवड्याला थोडे थोडे टाकले, तर पाळीपाळीने प्रत्येकीला ८४ दिवसांचा रिचार्ज एकरकमी करता येईल. पुडीऐवजी बाटली घेण्याचा हा आमचा घरगुती मार्ग आहे आणि त्याला ना बँक लागते ना व्याज.

पाचवे, आमच्या पेशाचे. गणिताच्या पुस्तकात टाकी भरते, आगगाडी बोगद्यातून जाते. तिथे रिचार्जचा फलक का येऊ नये? सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर चार प्लॅन लिहावेत. कोणता कुणाला स्वस्त, हे मुलामुलींनी काढावे आणि उत्तर घरी जाऊन अम्मीला सांगावे. प्लॅनचा तपशील सांगणारे निरोप इंग्रजीत नाहीतर हिंदीत येतात. उर्दू किंवा मराठीच वाचणाऱ्या बायकांना ते वाचून दाखवणारे कुणी हवे. वर्गातल्या मुली ते करतील. ज्या दिवशी घरचा रिचार्ज नववीतली मुलगी ठरवील, त्या दिवशी गणित खऱ्या अर्थाने तिच्या हाती लागले, असे आम्ही समजू.

कंपन्यांकडून आणि ट्रायकडून जे मागायचे, तेही मागितले पाहिजे. उरलेला डेटा निदान मुदतीच्या शेवटापर्यंत जमा राहावा. हे अशक्य नाही. व्होडाफोन-आयडियाने काही प्लॅनमध्ये आठवड्यातला उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरायची सोय दिलीच होती. महिन्याचे प्लॅन फलकावर वरच्या ओळीत दिसावेत. लहान रकमेच्या रिचार्जला दिवसाचा जास्त दर नसावा. पण मागणी करणाऱ्याला आधी आपला हिशोब माहीत असावा लागतो. हिशोब न मांडता केलेली तक्रार चहाच्या टपरीवरच संपते.

येत्या रिचार्जच्या वेळी घरातले सगळे फोन एका चटईवर ठेवा. कुणाचे किती गेले, कशावर गेले, हे सगळ्यांसमोर वाचा. अम्मीला विचारा, दादीला विचारा आणि मुलीला तर आवर्जून विचारा. मग दुकानात जा आणि ‘हमेशा का’ हे दोन शब्द सोडून काहीही मागा.